बायबल आणि झोला: भांडण लावले कोणी?

व्हिन्सेंट व्हॅन गॉगने ऑक्टोबर १८८५ मध्ये न्यूनेन या डच खेड्यात रंगवलेल्या बायबलच्या स्थिरचित्राचा अर्थ आता जवळपास ठरूनच गेला आहे. चामडी बांधणीचे थोरले बायबल म्हणजे पाद्री वडील. त्याच्या पुढ्यातली पिवळ्या वेष्टनाची छोटी कादंबरी म्हणजे बंडखोर मुलगा. विझलेली मेणबत्ती म्हणजे त्याच वर्षी मार्चमध्ये वारलेले वडील, किंवा त्यांच्याबरोबर संपलेली श्रद्धा. कादंबरी एमिल झोलाची, नाव ‘जगण्याचा आनंद’. मग काय, धर्माचा अंधार एकीकडे, आधुनिक आयुष्याचा उजेड दुसरीकडे, निकाल तयार! एक्स्प्रेशनिझमचा पूर्वसुरी म्हणून या चित्रकाराचा गाजावाजा झाल्यापासून त्याच्या प्रत्येक फटकाऱ्यात घरातले भांडण हुडकायची खोडच जडली आहे.

हा पूर्वपक्ष अगदीच निराधार नाही. बायबल खरोखरच वडिलांचे होते, आणि बापलेकांचे फारसे पटतही नव्हते. मुलाच्या हातात मिशले किंवा ह्यूगो या फ्रेंच लेखकांचे पुस्तक दिसले की वडिलांना जाळपोळ करणारे आणि खुनी आठवतात, अशी तक्रार व्हिन्सेंटने १८८१ मध्येच धाकट्या भावाकडे, थिओकडे केली होती. फ्रेंच पुस्तक हा त्या घरातला वादाचा विषय होता, हे मान्यच करायला हवे.

पण त्यावरून हे चित्र म्हणजे वडिलांवरचा खटला ठरत नाही. उघड्या पानांवर अक्षरे नाहीत, रंगाचे जाड फटकारे आहेत; वाचता येते ते फक्त मथळ्यापुरते: यशया, अध्याय ५३. ज्याला बायबल मोडीत काढायचे आहे, त्याने कुठलेही पान उघडे ठेवले असते, आणि अध्यायाचा आकडा तर मुळीच लिहिला नसता. व्हिन्सेंट स्वतः बोरिनाजच्या कोळसा-खाणींच्या मुलखात धर्मप्रचारक होता; या अध्यायात काय आहे हे त्याला सांगायला नको होते. लोकांनी झिडकारलेला, दुसऱ्यांची दुखणी आपल्या अंगावर घेणारा दुःखी सेवक तिथे भेटतो.

आणि झोला? इथे तर पुस्तकाचे नाव वाचून पुस्तक वाचल्याचे समाधान मानलेले दिसते. १८८४ ची ही कादंबरी आनंदाची नव्हेच, तिच्या नावातच उपरोध आहे. पोरकी पोलीन नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर नातेवाइकांकडे राहायला येते. तिचा वारसा ते घर हळूहळू गिळून टाकते. ज्याच्यावर तिचा जीव जडतो, त्याचे लग्न दुसरीशी व्हावे म्हणून ती बाजूला होते आणि पुढे त्यांचेच मूल वाढवते. संधिवाताने विव्हळणाऱ्या म्हाताऱ्याची सेवाही तिच्याच वाट्याला येते. यशयाचा सेवक आणि ही पोलीन एकाच जातकुळीची माणसे आहेत. चित्रकाराने एकाच टेबलावर ठेवलेली दोन पुस्तके एकमेकांवर डोळे वटारून बसलेली नाहीत. एक दुसऱ्याची साक्ष काढते आहे.

बरे, खुद्द चित्रकार काय म्हणतो? थिओने माने या फ्रेंच चित्रकाराच्या एका अभ्यासचित्राचे वर्णन लिहून पाठवले होते, त्याला उत्तर म्हणून आपण हे चित्र पाठवत आहोत, असे तो कळवतो. मग सगळा रंगांचाच हिशेब: मळकट पांढरे बायबल, काळी पार्श्वभूमी, पिवळसर तपकिरी पुढची बाजू, आणि वर लिंबाच्या पिवळ्याचा एक ठिपका. शिवाय सगळे एका दमात, एका दिवसात केल्याची फुशारकी. त्याच महिन्यात तो ॲम्स्टरडॅमला जाऊन आला होता, आणि जुना डच चित्रकार फ्रान्स हाल्स याच्या काळ्या छटांनी तो भारावून गेला होता. काळ्यातही किती रंग असतात, हा त्या दिवसांतला त्याचा ध्यास होता. वडिलांबद्दल मात्र तिथे चकार शब्द नाही. सांगायचे असते तर तो संकोचला नसता: त्याच वर्षी वडील गेल्यावर रंगवलेल्या फुलांच्या स्थिरचित्रात वडिलांची चिलीम आणि तंबाखूची पिशवी असल्याचे त्याने थिओला सरळ लिहिले होते.

मेणबत्तीचे काय? ती वडिलांची आठवण असेल, मला त्याला हरकत नाही. विझलेली वात ही डच स्थिरचित्रांतली सतराव्या शतकापासूनची ओळखीची खूण आहे. पण ती माणसाच्या नश्वरतेची खूण, ग्रंथ हरल्याची नव्हे. शोकाला बंड म्हणायची घाई टीकाकारांची आहे.

सगळ्यात पक्का पुरावा दोन वर्षांनंतरचा आहे. पॅरिसहून धाकटी बहीण विल हिला तो फ्रेंच कादंबऱ्या वाचायचा आग्रह करतो आणि विचारतो, आपल्याला बायबल पुरेसे आहे का? ‘नाही’ म्हणताना तो आधार घेतो तो शुभवर्तमानाचाच, येशूच्या रिकाम्या कबरीजवळच्या प्रसंगाचा: जिवंताला मेलेल्यांत का शोधता? झोलाची वकिली करताना तो साक्षीला उभा करतो खुद्द येशूला.