हरवलेली नऊ जनुकं

तुम्ही १९०८ सालच्या लील शहरात आहात. उत्तर फ्रान्समधलं हे गिरण्यांचं शहर. कामगारवस्त्यांत क्षय ठाण मांडून बसलाय. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये कामीय गेरँ तुमच्यापुढे काचेची नळी धरतात. आत ग्लिसरीन आणि बैलाच्या पित्तात शिजवलेली बटाट्याची फोड, तिच्यावर खरखरीत थर. हा गाईला क्षय करणारा जंतू. गुठळ्या होऊ नयेत म्हणून पित्त घातलं, पण त्यात वाढताना जंतूचा जोर ओसरतोय, हे गेरँ आणि आल्बेर काल्मेत यांनी हेरलंय. दर तीन आठवड्यांनी नवी फोड, नवी नळी.

आता जंतूएवढे लहान व्हा आणि त्याच्यासोबत फुफ्फुसात उतरा. एक मॅक्रोफेज पेशी त्याला गिळते. तो पातळ आवरणाच्या पिशवीत अडकतो. आम्ल आणि पाचकरसांनी भरलेले लायसोसोम त्या पिशवीत रिते व्हायचे असतात. जंतू त्यांना लांबच ठेवतो. मग तो दोन छोटी प्रथिनं बाहेर सोडतो, ईसॅट-६ आणि सीएफपी-१०. पिशवीचं आवरण फाटतं, पेशी मरते, आणि तिच्या मदतीला आलेल्या पेशींतच जंतू नव्याने वाढू लागतो. हे सगळं ज्या जनुकांच्या जोरावर चालतं, त्यांची लीलमध्ये कुणालाच कल्पना नाही.

महायुद्ध येतं. लील जर्मनांच्या ताब्यात, बटाटे महाग, पित्तासाठी जर्मन सैन्यातल्या पशुवैद्यांकडे हात पसरावे लागतात. नळ्या मात्र बदलत राहतात, सुमारे २३० वेळा.

१९२१, पॅरिस. बाळाला जन्म देऊन आई क्षयाने गेलीय, सांभाळणारी आजीही क्षयी. त्या बाळाला नळ्यांत दुबळ्या झालेल्या या जंतूची लस, बीसीजी, तोंडावाटे पाजतात. बाळ जगतं.

थेट १९९६ मध्ये या. सिएटलमधले संशोधक बीसीजीचा डीएनए टीबीच्या जंतूशी ताडून बघतात. एक तुकडा गायब, त्यात नऊ जनुकं. ती दोन प्रथिनं आणि त्यांना बाहेर ढकलणाऱ्या यंत्रणेचा काही भाग घडवणारी जनुकं त्यातच होती. पुढच्या काही वर्षांत पुरावा पक्का होतो: तुकडा परत घातला की बीसीजीचा जोर वाढतो, टीबीच्या जंतूतून काढला की तो दुबळा होतो.

आता पुणे. सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या त्वचाचाचणीत हीच दोन प्रथिनं असतात. बीसीजीत ती नसल्यामुळे लस घेतलेला माणूस आणि खरोखर टीबीचा संसर्ग झालेला माणूस वेगळे ओळखता येतात. जुन्या ट्युबरक्युलिन चाचणीत इथेच गल्लत व्हायची. म्हणून घरात कुणाला टीबी निघाला, तर लहानपणी लस टोचलीय एवढ्यावर निर्धास्त राहू नका. तपासून घ्या. संसर्ग वेळेत कळला तर आजार व्हायच्या आधीच औषध देता येतं.