पडणारा पाऊसच मोडतो ढगाचे बळ

वैशाखातील तापलेल्या दुपारी आभाळ अचानक भरून येते आणि पहिला थेंब अंगावर पडण्याआधीच धुळीसह गार वाऱ्याचा झोत येतो. वळवाच्या पावसाची ही वर्दी सर्वांच्या परिचयाची आहे. वारा पाऊस घेऊन आला, असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात ढगातून कोसळणारा पाऊसच हा वारा निर्माण करीत असतो.

जमिनीलगतची तापलेली हवा हलकी होऊन वर जाते. यालाच अभिसरण म्हणतात. उंचीवर बाष्पाचे सांद्रीभवन होताना सुप्त उष्णता बाहेर पडते आणि चढता प्रवाह आणखी बळावतो. मात्र थेंब व गारा मोठ्या होऊन पडू लागल्या, की चित्र पालटते.

हे कण दोन प्रकारे अभिसरणाला विरोध करतात. पहिला प्रकार भाराचा. स्थिर वेगाने पडणाऱ्या थेंबाला हवेचा होणारा रोध त्याच्या वजनाइतकाच असतो. म्हणजे थेंबाचे सारे वजन हवाच पेलत असते. एक किलो हवेत एक ग्रॅम पाणी असेल, तर हवा सुमारे ०.३ अंश सेल्सियसने थंड झाल्याइतकी जड होते. दुसरा प्रकार बाष्पीभवनाचा. ढगाखालच्या कोरड्या हवेत तेवढ्याच पाण्याची वाफ झाली, तर हवा सुमारे २.५ अंशांनी थंड होते. हा परिणाम भाराच्या आठपट आहे. जड झालेली ही हवा खाली कोसळते आणि जमिनीवर आदळून चहूकडे पसरते.

अमेरिकेत १९४६ मध्ये फ्लोरिडात व १९४७ मध्ये ओहायोत विमाने थेट वादळात नेऊन निरीक्षणे घेण्यात आली. त्यावरून होरेस बायर्स आणि रॉस्को ब्रॅहॅम यांनी वादळी ढगाच्या वाढ, प्रौढत्व व ऱ्हास या तीन अवस्था मांडल्या. खाली पसरलेली थंड हवा उष्ण हवेचा पुरवठा तोडते आणि साधा ढग तासाभरात विरतो. उंचीनुसार वारा बदलत असेल, तर पाऊस चढत्या प्रवाहाच्या बाजूला पडतो. असे वादळ मात्र दीर्घकाळ टिकते.

हा झोत विमानांसाठी प्राणघातक ठरतो. उतरणाऱ्या विमानाला आधी समोरून वारा लागतो, मग खाली दाबणारा प्रवाह आणि अखेर पाठीमागून वारा. त्यामुळे पंखांची उचल एकाएकी घटते. २४ जून १९७५ रोजी न्यूयॉर्क येथे झालेल्या अपघाताच्या अभ्यासातून तेत्सुया फुजिता यांनी अशा अधोझोताची कल्पना मांडली. अनेक तज्ज्ञांना ती प्रारंभी पटली नव्हती. २ ऑगस्ट १९८५ रोजी डॅलस-फोर्ट वर्थ येथे अशाच झोतात सापडलेल्या विमानाच्या अपघातात १३७ जणांचा बळी गेला. त्यानंतर विमानांत व विमानतळांवर इशारा देणारी यंत्रणा बसविण्यास वेग आला.

जमिनीवरील माणसाला इशारा देण्यास तो गार झोतच पुरेसा आहे. तो जाणवताच झाडाचा वा फलकाचा आडोसा न शोधता पक्क्या इमारतीत जावे, हेच श्रेयस्कर.