मेंदूचा तराजू

स्त्री आणि पुरुष यांच्यात निसर्गाने घातलेला भेद किती आणि माणसांनी निर्माण केलेला भेद किती, हा प्रश्न फार जुना आहे. विवाहपूर्व मार्गदर्शनाच्या वर्गात तो हटकून निघतो, आणि बहुधा विचारणाऱ्याने आपले उत्तर आधीच ठरवून ठेवलेले असते. या प्रश्नाच्या इतिहासातही असेच घडलेले दिसते. निष्कर्ष आधी आणि पुरावा मागाहून. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात, म्हणजे एकोणिसाव्या शतकात, युरोपात मेंदूच्या वजनावरून जो वाद माजला तो याचा सर्वांत बोलका दाखला होय. म्हणून त्याची हकिकत जरा सविस्तर सांगण्याचे योजिले आहे.

त्याआधी थोडे मागे जावे लागेल. ॲरिस्टॉटलच्या मते प्रजननात पुरुषाचे बीज आकार देते आणि स्त्री केवळ द्रव्य पुरवते. मुलगी जन्मणे म्हणजे त्या कार्यात काहीतरी उणे राहणे. पुरुषापेक्षा स्त्रीला दात कमी असतात असेही त्याने लिहून ठेवले आहे. घरातल्या घरात मोजता आले असते. पण ते असो. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी ‘सुम्मा थिओलॉजिए’मध्ये हा विचार अर्धा स्वीकारला व अर्धा नाकारला. एकेका व्यक्तीच्या घडणीपुरते त्यांनी ॲरिस्टॉटलचे म्हणणे मान्य केले. मात्र निसर्गाच्या समग्र योजनेत स्त्री उणी नाही, ती निर्मात्याच्या हेतूतच आहे, असे त्यांनी बजावले. आपल्या परंपरेतील हे पान झाकून ठेवण्यात काही अर्थ नाही. त्या काळी उपलब्ध असलेले जीवशास्त्र तेवढेच होते आणि संतांनाही त्याच शिदोरीवर चालावे लागले. सस्तन प्राण्यांची अंडपेशी कार्ल फॉन बेअर यांच्या दृष्टीस पडली ती 1827 साली. स्त्रीबीज व पुरुषबीज यांची केंद्रके एकरूप होतात हे ऑस्कर हर्टविग यांनी समुद्री साळिंदराच्या अंड्यात 1876 च्या सुमारास दाखवले. संततीच्या घडणीत आईचा वाटा बापाइतकाच आहे हे सिद्ध व्हायला ॲरिस्टॉटलनंतर सुमारे बावीसशे वर्षे जावी लागली.

याच परंपरेत बोलोन्याचेही एक पान आहे, आणि ते फारसे कोणी उघडत नाही. त्या वेळी पोपच्या राज्यात असलेल्या या नगरातील विद्यापीठाने 1732 साली लॉरा बास्सी या तरुणीला तत्त्वज्ञानातील पदवी दिली. तेथील आर्चबिशप प्रॉस्पेरो लांबेर्तिनी तिचे पाठीराखे होते. 1740 मध्ये ते पोप बेनेडिक्ट चौदावे झाले आणि 1745 मध्ये त्यांनी निवडक विद्वानांच्या मंडळात तिला स्थान दिले. बास्सी संसार सांभाळून, मुलाबाळांत राहून भौतिकशास्त्र शिकवीत राहिल्या. 1776 मध्ये प्रायोगिक भौतिकशास्त्राचे अध्यासन त्यांच्याकडे आले. त्याच गावात ॲना मोरांदी मान्झोलिनी स्वहस्ते शवविच्छेदन करून मेणाच्या शरीरप्रतिकृती घडवीत व शरीररचना शिकवीत. अर्थात हे अपवाद होते. बोलोन्यातील इतर मुलींना विद्यापीठाचे दार त्यामुळे उघडले नाही.

आता त्या तराजूकडे वळू. पॅरिसचे शल्यवैद्य पॉल ब्रोका हे खरोखर थोर संशोधक. मेंदूतील वाचेच्या केंद्राला त्यांचेच नाव आहे. त्यांनी रुग्णालयांतील शवविच्छेदनांतून मेंदूंची वजने जमवली. 292 पुरुषांची सरासरी 1325 ग्रॅम, 140 स्त्रियांची 1144 ग्रॅम. फरक 181 ग्रॅम. आकडे खोटे नव्हते. पण स्त्रियांची उंची व बांधा लहान असतो, मग मेंदूही त्या मानाने लहान असणार, ही शंका उघड होती. ब्रोकांना ती सुचली नाही असे नाही. परंतु स्त्रिया बुद्धीने थोड्या कमी असतात हे आपल्याला ठाऊकच आहे, तेव्हा मेंदूच्या लहानपणाचा काही भाग त्यामुळेच असला पाहिजे, असे म्हणून त्यांनी ती बाजूला सारली. जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरले! शिवाय त्या स्त्रिया सरासरीने अधिक वयाच्या होत्या आणि वयाबरोबर मेंदूचे वजन घटते, हेही हिशेबात आले नाही. त्यांच्याच गटातील गुस्ताव्ह ल बाँ यांनी 1879 मध्ये या आकड्यांच्या आधारे स्त्रियांविषयी जे लिहिले ते कौटुंबिक वाचनाच्या अंकात उद्धृत करण्याजोगे नाही.

म्युनिकचे प्राध्यापक थिओडोर फॉन बिशॉफ यांनी याच तर्काने स्त्रियांच्या वैद्यकीय शिक्षणाला 1872 मध्ये विरोध केला. 1882 साली ते वारले आणि त्यांचा मेंदू तोलला गेला, तेव्हा त्यांनीच दिलेल्या पुरुषी सरासरीपेक्षा तो बराच हलका भरला. कादंबरीकार तुर्गेन्येव्ह यांचा मेंदू दोन हजार ग्रॅमच्या वर होता, तर नोबेल पारितोषिक मिळवणारे आनातोल फ्रान्स यांचा जेमतेम हजाराच्या आसपास. तराजूला बुद्धी कळत नाही, हे इथे दिसून आले होते.

तरी वाद मिटला नाही. लंडनच्या ॲलिस ली या गणितज्ञ महिलेने त्याला निराळे वळण दिले. 1898 मध्ये डब्लिन येथे भरलेल्या शरीरशास्त्रज्ञांच्या सभेत 35 विद्वानांच्या डोक्यांची मापे घेण्यात आली होती. ली यांनी त्यावरून प्रत्येकाच्या कवटीचे आकारमान काढले आणि नावानिशी क्रमवारी लावली. बेडफर्ड कॉलेजच्या विद्यार्थिनींची मापेही शेजारी होती. काही विद्यार्थिनींची कवटी काही नामांकित प्राध्यापकांपेक्षा मोठी निघाली आणि यादीच्या तळाशी युरोपभर मान्यता पावलेली माणसे दिसू लागली. एक तर हे विद्वान मंदबुद्धी मानावेत, नाही तर कवटी आणि बुद्धी यांचे नाते सोडून द्यावे, असा पेच होता. त्यांच्या प्रबंधाला परीक्षकांचा बराच विरोध झाला. अखेर पदवी मिळाली व 1901 मध्ये निबंध प्रसिद्ध झाला.

अमेरिकेत वादाचे रूप वेगळे होते. बोस्टनच्या डॉ. एडवर्ड क्लार्क यांनी 1873 मध्ये मांडले की मुलींनी मुलांप्रमाणे अभ्यास केला तर शरीराची शक्ती मेंदूकडे वळून प्रजननसंस्था खुरटेल. डॉ. मेरी पुटनम जेकोबी यांनी प्रत्यक्ष स्त्रियांकडून माहिती गोळा करून, नाडीचे आलेख काढून हा समज खोडला. त्या निबंधाला 1876 चे हार्वर्डचे बॉयलस्टन पारितोषिक मिळाले. आपल्या आनंदीबाई जोशी 1883 मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या, तेव्हा हा वाद ताजा होता. आदल्याच वर्षी बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ प्रसिद्ध झाले होते. ताराबाईंनी कवट्या मोजल्या नाहीत. एकच दोष दोघांच्या अंगी असताना शिक्षा एकीलाच का, एवढेच त्यांनी विचारले. तराजू धरणाऱ्यांना हा प्रश्न सुचला नव्हता.

मग मनोवृत्तीचे काय? एलिनॉर मॅकोबी आणि कॅरोल जॅकलिन यांनी 1974 मध्ये शेकडो अभ्यास चाळले. बहुतेक समजुती गळून पडल्या. भाषा, अवकाशाचे आकलन, गणित व आक्रमकता या चारच बाबतींत काही फरक उरला. 2005 मध्ये जॅनेट हाइड यांनी असेच फेरमोजमाप केले, तेव्हा 78 टक्के फरक किरकोळ अथवा नगण्य ठरले. शारीरिक आक्रमकतेसारखे काही मात्र ठळक राहिले. त्यांचे मूळ संप्रेरकांत किती आणि संगोपनात किती, यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही.

याचा अर्थ भेद नाहीतच, असा कोणी काढू नये. तसे मानल्यानेही स्त्रियांचेच नुकसान झाले आहे. अमेरिकेत 1977 पासून, मूल होण्याच्या वयातील स्त्रियांना औषधांच्या प्राथमिक चाचण्यांतून वगळले जाई. ते धोरण 1993 मध्ये बदलले. झोल्पिडेम हे झोपेचे औषध स्त्रियांच्या रक्तातून सावकाश उतरते, हे लक्षात घेऊन 2013 मध्ये तेथील शासनाने त्यांच्यासाठीची मात्रा निम्मी करावयास लावली. तोवर वीसेक वर्षे पुरुषांचीच मात्रा त्यांना दिली जात होती.

आणि एक भेद असा की त्याविषयी कोणाचेच दुमत नाही. 1905 मध्ये नेटी स्टीव्हन्स यांनी एका भुंग्याच्या पेशी तपासून दाखवले की नराच्या बीजात दोन प्रकार असतात. लहान गुणसूत्र आले तर नर, मोठे आले तर मादी. माणसातही तसेच आहे. आईकडून नेहमी एक्स येतो, एक्स की वाय हे बापाच्या बीजावर ठरते. महाराष्ट्राने गर्भलिंगतपासणीविरुद्ध 1988 साली देशातील पहिला कायदा केला. त्यानंतर 2001 च्या शिरगणतीत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली होत्या 913. 2011 मध्ये त्या 894 झाल्या. मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणारी घरे आपल्या धर्मग्रामांतही आहेत, हे घरभेटींत ऐकू येते.