सुरीपूर्वी श्वास

शस्त्रक्रियेचा इतिहास म्हणून आपण सुरीचा इतिहास सांगतो; श्वासाचा सांगत नाही. वास्तविक श्वासाविषयीचा एक मोठा वाद, आपला जालना १९४८ पर्यंत ज्या निजामी राज्यात होता, त्याच राज्याच्या राजधानीत लढला गेला.

एडिंबरोच्या सिम्प्सन यांनी १८४७ साली क्लोरोफॉर्मचा वापर सुरू केला. वेदना गेल्या, पण काही रोगी टेबलावरच दगावू लागले. आधी काय थांबते, हृदय की श्वास? हैदराबादचे रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी म्हणत, श्वास. त्यांचे १८८८ चे प्रयोग लंडनच्या ‘लॅन्सेट’ला पटले नाहीत. तेव्हा निजामाने एक हजार पौंड देऊ करून त्या पत्राचा प्रतिनिधी बोलावला. १८८९ साली लॉडर ब्रंटन आले, शेकडो जनावरांवर प्रयोग झाले आणि निकाल लागला: नाडीपेक्षा श्वासाकडे पाहा. पुढे १९११ च्या सुमारास लेव्ही यांनी हलक्या भुलीतही हृदय एकाएकी निकामी होऊ शकते, हे दाखविले. हैदराबादचा निकाल अर्धाच खरा ठरला. परंतु श्वासावर डोळा ठेवण्याची शिस्त टिकली.

भुलीत श्वास पाहणे निराळे आणि भुलीपूर्वी तो जोखणे निराळे. लंडनमध्ये जॉन हचिन्सन यांनी १८४६ साली स्पायरोमीटर या यंत्राने खलाशी, पोलीस, कंगाल अशा दोन हजारांहून अधिक माणसांच्या छातीत मावणारा श्वास मोजल्याचे प्रसिद्ध केले. १९५९ साली अमेरिकन डॉक्टरांनी त्याहून स्वस्त परीक्षा मांडली: तोंडापासून सहा इंचांवरची जळती काडी ओठ न आवळता विझविता येते का?

हा खटाटोप कशासाठी? शस्त्रक्रियेनंतर टाके दुखतात, रोगी खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. कफ साचतो, फुप्फुसाचा खालचा भाग मिटतो आणि न्यूमोनिया गाठतो. पोटाच्या वरच्या भागावरील शस्त्रक्रियेत हा धोका हातापायाच्या शस्त्रक्रियेहून अधिक. म्हणून आज डॉक्टर विचारतात: जिना चढताना दम लागतो का? खोकला आहे का? विडी ओढता का? यंत्राची तपासणी प्रत्येकाला लागत नाही. खरे उत्तर मात्र प्रत्येकाकडून लागते.

आणि इथेच आमचा कामगार अडतो. जिनिंगमध्ये कापसाची धूळ, लोखंडाच्या कारखान्यात धूर, मोंढ्यात धान्याचा भुसा, त्यावर विडी. गठाणी उचलून हर्निया झालेला माणूस, शस्त्रक्रिया लांबेल आणि रोज बुडेल या भीतीने, धाप लपवितो. त्याला भित्रा म्हणू नका. त्याचा हिशेब पोटाचा आहे.

तेव्हा डॉक्टरांनी विडीबरोबर ‘काम कोणते?’ हेही विचारावे. कामगाराने धाप सांगावी, विडी निदान चार आठवडे आधी सोडावी. आणि तपासणीच्या दिवसाची मजुरी मालकाने कापू नये, ही मागणी आपण संघटनेने लावून धरावी. श्वास जोखण्याची विद्या आता जुनी झाली. तो जोखून घेण्याची सवड गरिबाला मिळणे अजून बाकी आहे.