टच-अप रंग
टच-अप रंग म्हणजे मोटारीच्या रंगाचे उडालेले लहान टवके भरण्यासाठी वापरला जाणारा रंग होय. नांदेडहून देगलूरमार्गे तेलंगणात जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग १६१ सारख्या रस्त्यांवर पुढील वाहनाच्या चाकांनी उडवलेली खडी बॉनेटवर आदळून असे टवके उडतात. प्रायमर, रंग व पारदर्शक लेप या थरांची एकत्रित जाडी साधारणतः ०.१ मिलिमीटरच असते. टवका पत्र्यापर्यंत गेल्यास पावसाळ्यात तेथे गंज धरतो व शेजारच्या रंगाखाली पसरतो. त्यामुळे जागा धुऊन वाळवतात आणि गंज पॉलिश पेपरने पूर्णपणे घासून काढतात. नंतर प्रायमर, वाहनाच्या रंग-संकेतांकाशी जुळणारा रंग व पारदर्शक लेप क्रमाने लावतात. प्रत्येक थर पातळ देऊन वाळू देतात. गंजावरच रंग दिल्यास तो कालांतराने फुगून सुटतो.