जुळ्यातली कालवड

संकरित गाय जुळी व्याली आणि जोडीत एक गोऱ्हा, एक कालवड निघाली, की शिरूर-दौंडकडच्या जाणत्या गोठ्यात आनंद अर्धाच होतो. कालवड दिसायला चांगली, खायलाही चांगली. पण अशा शंभरांतल्या नव्वदांहून जास्त कालवडी वांझच निघतात. डॉक्टर तिच्या लहानपणीच योनिमार्गात बोथट नळी सरकवून पाहतात. नळी लवकर अडली, की निकाल लागला.

आपल्याकडे ही डोकेदुखी तशी अलीकडची. देशी गाईला जुळं विरळाच. दौंडला लागून असलेल्या उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये ‘बाएफ’ सुरू केली, विदेशी वळूंचं रेत गावोगाव गेलं. होल्स्टिनच्या दुधाबरोबर तिची जुळ्यांची खोडही आली.

लंडनचे शल्यविशारद जॉन हंटर यांनी १७७९ मध्येच अशा गाई चिरून पाहिल्या होत्या. बांधा बैलासारखा, आतले अवयव ना धड गाईचे ना बैलाचे. कारण मात्र १९१६ च्या सुमारास उलगडलं: व्हिएन्नात केलर आणि टांडलर यांना, शिकागोत फ्रँक लिली यांना. दोन्ही वासरांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या एकमेकींत मिसळतात. गोऱ्ह्याचे वृषण आधी कामाला लागतात, त्यांचा स्राव बहिणीच्या रक्तात उतरतो आणि तिची अंडाशयं खुंटतात. शेळ्या-मेंढ्यांत जुळी नेहमीचीच, पण तिथे या वाहिन्या क्वचितच जुळतात. म्हणून धनगराला ही भीती नाही. गोऱ्हा पोटातच जिरला, तर एकटी जन्मलेली कालवडही वांझ निघू शकते. मग दोष बिचाऱ्या चाऱ्याला!

गर्भातला स्राव शरीर घडवतो, तर स्वभाव का नाही? १९५९ मध्ये कॅन्सस विद्यापीठात फीनिक्स, गॉय, जेराल आणि यंग यांनी गाभण गिनीपिगना टेस्टोस्टेरॉन दिलं. त्यांच्या लेकी मोठ्या झाल्यावर नरासारख्या दुसऱ्यांवर चढू लागल्या.

मला त्याआधीचा, १९५७ चा विल्यम थॉम्प्सन यांचा प्रयोग जास्त अस्वस्थ करतो. त्यांनी उंदरिणींना गाभण राहण्याआधी शिकवलं: बझर वाजला की विजेचा झटका, दार ओलांडलं की सुटका. पुढे गाभणपणी बझर वाजवला, झटका दिला नाही, फक्त दार बंद ठेवलं. त्यांची पिल्लं मोकळ्या जागेत सोडल्यावर बुजरी निघाली. आईच्या भीतीची हार्मोन्स वारेतून पिल्लांपर्यंत पोचली असावीत, असा थॉम्प्सन यांचा तर्क. वाट लिलींच्या कालवडीचीच. स्राव मात्र भावाचा नव्हे, आईचा.