‘प्रगती समाधानकारक’ : शिष्यवृत्तीच्या अटींचा इतिहास

वाशिम जिल्ह्यातील मंगरूळपीर तालुक्यात आसेगाव नावाचे गाव आहे. सोयाबीन, तूर आणि कपाशी ही या भागातील पिके, आणि पुढचे शिक्षण म्हणजे एस.टी.ने तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी जाणे. अशा गावातून बी.ए.ला जाणाऱ्या मुलीची कल्पना करावी. सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी येते, मागोमाग कापसाची वेचणी सुरू होते, आणि विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षाही याच सुमारास येतात. शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना तिला जात, उत्पन्न आणि अधिवास यांच्या दाखल्यांखेरीज आणखी तीन प्रश्नांना तोंड द्यावे लागते. मागील वर्गाचा निकाल काय? हजेरी किती? शिक्षणात खंड आहे काय?

या तीन प्रश्नांचा इतिहास शोधावा, असे आम्हांस वाटले. साहित्याच्या विद्यार्थ्यांसमोर हा विषय मांडण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, गेल्या दीडशे वर्षांतील मराठी गद्याचा मोठा भाग ज्यांनी लिहिला, त्यांपैकी कित्येकांचे शिक्षण कोणाच्या ना कोणाच्या मदतीवर झाले. आणि ज्या अटींवर ती मदत मिळाली, त्यांचा ठसा त्यांच्या आयुष्यावर उमटला.

प्रारंभ पेशवाईतील दक्षिणेपासून करावा लागतो. सेनापती खंडेराव दाभाडे यांनी तळेगावी सुरू केलेली श्रावणातील दक्षिणा पुढे पेशव्यांनी पुण्यात चालविली. ती विद्वान ब्राह्मणांसाठी होती. घेणाऱ्याने आपली विद्या दाखवावी आणि देणाऱ्याने तिच्या मानाने द्यावे, असा तो व्यवहार होता. १८१८ नंतर इंग्रज सरकारने ही रक्कम एकदम बंद केली नाही. तिचा काही भाग विद्येच्या कामी वळविला. १८२१ साली पुण्यात विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली ती याच धोरणातून. १८४९ साली पुण्यातील सुधारकांनी अर्ज करून मागणी केली की, दक्षिणेतील पैसा मराठी ग्रंथरचनेस उत्तेजन देण्यासाठी वापरावा. सनातनी मंडळींनी त्यास मोठा विरोध केला, आणि तरुण जोतीराव फुले या प्रसंगी सुधारकांच्या पाठीशी उभे राहिले. पुढे दक्षिणा प्राइज कमिटी स्थापन झाली, महाविद्यालयांत ‘दक्षिणा फेलो’ नेमले जाऊ लागले. दानाची शिष्यवृत्ती झाली ती अशी. मात्र या बदलात दानाचा एक जुना गुण नव्या व्यवस्थेत तसाच राहिला. पात्रता सिद्ध करण्याचे ओझे सर्वस्वी घेणाऱ्यावर होते. देणाऱ्यावर कोणतीच अट नव्हती.

या एकतर्फीपणाचे ठळक उदाहरण महादेव गोविंद रानड्यांच्या विद्यार्थिदशेत सापडते. एल्फिन्स्टनमध्ये शिकत असताना त्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्याशी तुलना करून इंग्रजी राज्याला कमी लेखले. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांना रानड्यांच्या बुद्धीचे कौतुक होते. तरीही जे सरकार शिक्षण देते त्याची अशी निंदा करू नये, अशी समज देऊन त्यांनी रानड्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद ठेवली, ही हकीकत त्यांच्या चरित्रांतून वारंवार आली आहे. रानडे नापास झाले नव्हते आणि वर्गात गैरहजरही नव्हते. त्यांची प्रगती समाधानकारक होती. ग्रँटना पटले नाही ते त्यांचे मत. ‘समाधानकारक’ हा शब्द लिहिला जातो तेव्हा समाधान कोणाचे, हा प्रश्न त्या शब्दातच दडलेला असतो.

याच काळातील दुसरे चित्र आमच्या वऱ्हाडातील आहे. गोपाळ गणेश आगरकर शिक्षणासाठी अकोल्यास आले. तेथे त्यांनी ‘वऱ्हाड समाचार’मध्ये लेखन केले. विष्णु मोरेश्वर महाजनींसारखे शिक्षक त्यांना अकोल्यात लाभले. पुढे डेक्कन कॉलेजात त्यांनी किती ओढगस्तीत दिवस काढले, हे मराठी वाचकांना सांगावयास नको. मोठ्या पगाराची आशा करू नये, असे आईला कळविणारे त्यांचे पत्र सर्वांना ठाऊक आहे. शिष्यवृत्ती घेऊन शिकलेला मुलगा कमावता होईल, हा घराचा हिशेब त्या पत्राने मोडला. शिष्यवृत्तीच्या कोणत्याही तक्त्यात आगरकरांच्या या निर्णयाला रकाना मिळाला नसता. आणि मराठी समाजाला तर त्या निर्णयाचाच मोठा लाभ झाला.

या इतिहासातील सर्वांत बोलका प्रसंग डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आहे. कृष्णाजी अर्जुन केळुसकरांच्या खटपटीने त्यांना सयाजीराव गायकवाडांकडून महाविद्यालयीन शिक्षणासाठी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. नंतर परदेशी शिक्षणासाठी ४ जून १९१३ रोजी बडोदे संस्थानाशी करार झाला. ठरलेल्या विषयांच्या अभ्यासात वेळ घालवावा आणि शिक्षण पूर्ण झाल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करावी, अशा त्याच्या अटी होत्या. मदत तीन वर्षांची होती. कोलंबिया विद्यापीठात १९१५ साली त्यांनी एम.ए. केले. १९१६ साली ते लंडनला गेले, तेथील अर्थशास्त्राच्या संस्थेत आणि ग्रेज इनमध्ये दाखल झाले. मुदत थोडी वाढवून मिळाली, पण ती संपताच १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी लंडनच्या विद्यापीठाने दिली होती, एवढाच काय तो आधार.

पुढचे सर्वज्ञात आहे. करार पाळण्यासाठी ते बडोद्यास गेले. तेथे अस्पृश्य म्हणून त्यांना राहावयास जागा मिळाली नाही. पारशी वसतिगृहातून बाहेर काढले गेल्यावर त्यांना शहर सोडावे लागले. दहा वर्षे चाकरीची अट विद्यार्थ्यावर होती; चाकरी करणाऱ्याला डोक्यावर छप्पर मिळेल, ही अट मात्र कोणावरच नव्हती. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठविले, शाहू छत्रपतींचे आणि नवल भथेना या मित्राचे साहाय्य घेतले, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ साली एम.एस्‌सी. आणि १९२३ साली डी.एस्‌सी. या पदव्या त्यांनी मिळविल्या. १९१७ ते १९२० हा त्यांच्या शिक्षणातील तीन वर्षांचा खंड होता.

स्वतः अटींच्या कैचीत सापडलेला हा विद्यार्थी पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाला, आणि त्याच काळात, १९४४-४५ साली, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. दक्षिणेपासून चालत आलेली दानाची कल्पना येथे प्रथमच हक्काच्या जवळ आली. शिष्यवृत्ती देणारा आता राजा किंवा प्राचार्य नव्हता. ती मिळाली तर कोणाची कृपा मानावयाची नव्हती. 

परंतु हक्काच्या या योजनेतही जुनी भाषा टिकून राहिली. शिष्यवृत्ती एकदा मंजूर झाली की अभ्यासक्रम संपेपर्यंत ती चालावी, मात्र वर्तन चांगले असावे, हजेरी नियमित असावी आणि दरवर्षी वरच्या वर्गात बढती मिळावी, अशा तिच्या नियमांतील अटी आहेत. आजारपणामुळे परीक्षेस बसता आले नाही तर वैद्यकीय दाखल्यावर सवलत मिळू शकते. अनेक वर्षे या नियमांत आणखी एक बारकावा होता. वैद्यकीय, अभियांत्रिकी अशा पहिल्या गटातील अभ्यासक्रमांचा विद्यार्थी प्रथमच नापास झाला तर शिष्यवृत्ती चालू ठेवता येत असे. दुसऱ्यांदा नापास झाल्यास वरच्या वर्गात जाईपर्यंतचा खर्च त्याचा त्याने करावयाचा. कला शाखेच्या विद्यार्थ्याला ही पहिली माफी त्या कलमात नव्हती. डॉक्टर होऊ पाहणाऱ्याचे अपयश समजण्याजोगे आणि मराठी वाङ्मय शिकणाऱ्याचे अक्षम्य, असे नियम करणाऱ्यांच्या मनात नसेलही. कलम मात्र तसेच वाचले जाते.

येथे आपल्या विद्यापीठांनी रुळविलेल्या एका शब्दाची आठवण होते. ‘एटीकेटी’ म्हणजे ‘अलाउड टु कीप टर्म्स’. राहिलेला विषय पाठीवर घेऊन पुढच्या वर्गात बसण्याची मुभा. विद्यार्थ्यांच्या बोलीत हा शब्द आता मराठीच झाला आहे, आणि त्यात थोडी थट्टा व थोडी सुटकाही आहे. ज्याला ही मुभा मिळते तो वरच्या वर्गात जातो, म्हणून बढतीची अट पुरी होण्याची वाट त्याला मोकळी राहते. एका विषयाच्या फरकाने जो खाली राहतो, त्याचे वर्ष आणि त्या वर्षाची शिष्यवृत्ती दोन्ही जातात.

आज महाराष्ट्रात शिष्यवृत्तीचे अर्ज संगणकावर भरले जातात. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने चालणाऱ्या शुल्क-शिष्यवृत्तीच्या अटींत मागील सत्रात किमान ५० टक्के हजेरी हवी आणि अभ्यासक्रमाच्या काळात दोन किंवा अधिक वर्षांचा खंड नसावा, असे म्हटले आहे. ज्या शाहू छत्रपतींनी तीन वर्षे शिक्षण खंडित झालेल्या आंबेडकरांना लंडनसाठी साहाय्य केले, त्यांच्याच नावाच्या योजनेत ही अट असावी, हा योगायोग आम्हांस विचार करावयास लावतो. आंबेडकरांचा तो खंड आळसाचा नव्हता. त्या काळात ते पैसे साठवीत होते.

अमेरिकेतही सरकारी साहाय्य घेणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याला ‘समाधानकारक शैक्षणिक प्रगती’ दाखवावी लागते. गुणांची किमान सरासरी ठरलेली असते, आणि अभ्यासक्रमाच्या नेमलेल्या काळाच्या दीडपटीहून अधिक काळ मदत मिळत नाही. तेथील अटीही कडक आहेत आणि त्यांवर टीकाही होते. परंतु त्या नियमांत महाविद्यालयाला अपिलाची सोय ठेवता येते. घरातील मृत्यू, आजार किंवा तशीच आपत्ती यांमुळे आपण मागे का पडलो आणि आता परिस्थितीत काय बदल झाला, हे विद्यार्थ्याने लिहून द्यावयाचे असते. ते कोणीतरी वाचते आणि त्यावर निर्णय देते. म्हणजे निकालाच्या आकड्याशेजारी विद्यार्थ्याच्या चार ओळींनाही जागा आहे.

अटी नकोतच, असे आमचे म्हणणे नाही. सार्वजनिक पैशाचा हिशेब मागितला गेलाच पाहिजे. नावापुरता प्रवेश घेऊन शिष्यवृत्ती उचलणे हे खऱ्या गरजूच्या तोंडचा घास काढणे होय. परंतु हिशेब दोन्ही बाजूंचा असावा. शिष्यवृत्ती वेळेवर मिळत नाही, ही विद्यार्थ्यांची फार जुनी तक्रार आहे. वर्षभराचे पैसे परीक्षेनंतर हाती आले, तर पुस्तके, एस.टी.चा पास आणि खोलीचे भाडे यांचे काय करावे? त्या ओढाताणीत मुलगी मजुरीला गेली, हजेरी घसरली आणि विषय राहिला, तर जे निवारण्यासाठी मदत योजली होती त्याचाच दोष विद्यार्थिनीच्या माथी येतो. हजेरीपटावर तिचे गैरहजर दिवस दिसतात. मदतीला झालेल्या उशिराचे दिवस कोणत्याच पटावर मांडलेले नसतात.

ग्रँट यांनी रानड्यांवर अन्याय केला, पण निदान बोलावून कारण सांगितले. बडोद्याने मुदत वाढविली ती कोणीतरी विनंती वाचली म्हणून. संगणकाच्या पडद्यावर लाचलुचपत कमी होते आणि पैसे थेट खात्यात येतात, हा लाभ मोठाच आहे. पण ‘खंड आहे काय?’ या प्रश्नाला तेथे ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढीच उत्तरे आहेत. ‘का?’ हा प्रश्न तेथे विचारलेला नाही.

त्या ‘का’चे उत्तर आपल्याकडे साहित्याने जपून ठेवले आहे. प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ हे पोरक्या मुलाच्या शिक्षणाचे आत्मकथन वर्गात शिकविताना आम्ही शैली, बोली आणि अनुभवविश्व यांविषयी बोलतो. ते एका विद्यार्थ्याचे अपील म्हणूनही वाचता येईल, असे आता वाटते. भूक, दुसऱ्याच्या घरचा आसरा आणि शाळा यांचा त्यातील हिशेब कोणत्याही ‘शेरा’ रकान्यात मावला नसता, म्हणून तो पुस्तकात आला. पण प्रत्येकाला पुस्तक लिहिता येत नाही, आणि शिष्यवृत्ती मागणाऱ्याने ते लिहावे अशी अपेक्षाही कोणी करू नये.

आसेगावच्या शिवारात ‘खंड’ हा शब्द आणखी एका अर्थाने सर्वांना कळतो. जुलैत पावसाने खंड दिला की पीक माना टाकते. शेतकरी त्याचा दोष पिकाला देत नाही. पाऊस परतला तर डवरणी करतो आणि उरलेल्या पिकाला जपतो. अर्जावरच्या त्या रकान्याखाली चार ओळींची मोकळी जागा आणि त्या वाचणारा एक माणूस, एवढी तरतूद झाली, तर दक्षिणेपासून चालत आलेल्या एकतर्फी अटीला प्रथमच दुसरी बाजू मिळेल.